फेस येईना, डाळ शिजेना... मग सॉफ्टनर घ्यायचा का?

बोअरचं पाणी जड आहे, केस राठ झालेत, गिझर दर वर्षी रुसतो. घरात वॉटर सॉफ्टनरचा विषय निघालाय? थांबा. पैसे मोजण्याआधी पाणी मोजा. कारण आपल्या जिल्ह्यात पाण्याचा खरा धोका कधीकधी डोळ्यांना दिसतच नाही.

तुमच्या घरची बादली आतून पांढरी पडलीय? शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणी येतच नाही? तुरीची डाळ तीन शिट्ट्या झाल्या तरी टणक राहते आणि आई म्हणते, ‘डाळच खराब निघाली’? शाम्पू दोनदा लावूनही फेस येत नाही?

मग तुमच्या घरचं पाणी जड आहे, असं समजायला हरकत नाही. उमरखेड, ढाणकी, विडूळ, मुळावा, कुठंही जा. नळाला पाणी आलं नाही की मोटर चालू करायची आणि बोअरचं पाणी टाकीत चढवायचं, हे आपल्याकडच्या बहुतेक घरांचं वेळापत्रक. आणि बोअरचं पाणी म्हटलं की क्षार आलाच.

आता या रोजच्या कटकटीवर बाजारात उत्तर मिळतंय, ‘वॉटर सॉफ्टनर’. नळाला लावायचा छोटा नळकांडा काही हजारांत मिळतो, तर घरभराचा ऑटोमॅटिक घ्यायचा तर किंमत पाच आकड्यांत जाते. घरात निर्णय बाबा घेणार, पण ‘तू मोबाइलवर बघ जरा, चांगला कोणता ते’ हे काम तुमच्याच गळ्यात पडणार. म्हणून हा लेख तुमच्यासाठी.

पाणी जड होतं म्हणजे काय होतं?

शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन’ आणि ‘सुफेन’ पाणी हे शब्द वाचलेले आठवतात? परीक्षेपुरते पाठ केले आणि सोडून दिले. पण शब्द फार नेमके आहेत. ज्यात साबणाचा फेस सहज येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन.

आपला भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. या खडकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. वरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे तर नांगरताना हाताला लागतात. पावसाचं पाणी मूळचं मऊच असतं. पण ते माती आणि खडकाच्या फटींतून मुरत खाली जातं तेव्हा हे क्षार सोबत घेतं. बोअरमधून वर येतं ते हे पाणी.

हे पाणी साबणाला भेटलं की कॅल्शियम साबणाशी संयोग पावतो आणि चिकट पांढरा साका तयार होतो. अंगाला, केसांना, बादलीला लागतो तो हाच. डाळीचंही तसंच. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतो, म्हणून दाणा मऊ पडत नाही. बिचाऱ्या किराणावाल्याचा यात काही दोष नाही!

पाणी तापवलं की त्यातला काही क्षार बाहेर पडून भांड्याला चिकटतो. याला तात्पुरती कठीणता म्हणतात. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर तो हाच. जो क्षार उकळूनही जात नाही ती कायमची कठीणता.

आधी मोजा, मग बोला

पहिली चाचणी फुकटची. एका स्वच्छ पारदर्शक बाटलीत पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. (इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी चालतं.) दुसऱ्या तशाच बाटलीत घरचं पाणी तेवढंच घ्या. दोन्हीत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका आणि जोरात हलवा. एकीत फेस टिकला आणि दुसरीत पाणी गढूळ होऊन वर साय आली, तर उत्तर मिळालं. फक्त डिटर्जंट किंवा शाम्पू वापरू नका. ते जड पाण्यातही थोडाफार फेस देतात आणि चाचणी फसते.

दुसरी चाचणी तुमच्या कॉलेजात आहे. बीएस्सीला असाल तर ईडीटीए टायट्रेशन केलंच असेल. वाइनसारख्या लाल रंगाचं पाणी थेंबाथेंबाने निळं होतं, तोच प्रयोग. प्रॅक्टिकलला सर बाटलीतला नमुना देतात. या वेळी सरांना विचारून स्वतःच्या घरचं पाणी घेऊन जा. जर्नलही पूर्ण होईल आणि घरचा प्रश्नही सुटेल.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची चाचणी सरकारी प्रयोगशाळेतली. यवतमाळला पाणी तपासणीची जिल्हा प्रयोगशाळा आहे. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम पाहते आणि काही ठिकाणी उपविभागीय प्रयोगशाळाही आहेत. तुम्हाला जवळची कोणती पडेल, नमुना कसा भरायचा, फी किती, हे पंचायत समितीच्या पाणीपुरवठा विभागात विचारा. जलजीवन मिशनमध्ये २०२१ पासून अशा प्रयोगशाळा सामान्य लोकांसाठीही माफक दरात खुल्या करण्याचं धोरण आहे. म्हणजे तिथं जायला तुम्ही सरपंच असण्याची गरज नाही.

रिपोर्ट हातात आला. आता वाचायचा कसा?

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) हे पिण्याच्या पाण्याचं आपलं मापदंड. त्यातले चार आकडे लक्षात ठेवा.

एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, ५०० पर्यंत असावेत, नाइलाजाने २०००. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत, जास्तीत जास्त १.५. आणि नायट्रेट ४५ पर्यंत, त्यात सूट नाही.

आता खरी गोष्ट इथं आहे. पहिले दोन आकडे त्रासाचे आहेत, पुढचे दोन धोक्याचे. जड पाण्याने बादली पांढरी होते आणि गिझर बिघडतो. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणतेसाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही. फ्लोराइडची गोष्ट वेगळी. ते जास्त असेल तर वाढत्या वयातल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि वर्षानुवर्षे पोटात गेलं तर हाडं आणि सांधे आखडतात. नायट्रेट तान्ह्या बाळांसाठी घातक.

यवतमाळ जिल्ह्यात भूजलातल्या फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. पांढरकवडा, झरी जामणी या भागांतल्या गावांबद्दल तुम्ही बातम्या वाचल्याच असतील. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण थोडं वाढतं.

आणि सॉफ्टनर? तो फ्लोराइड काढत नाही. नायट्रेटही काढत नाही. जंतूही मारत नाही. बादलीवरचे डाग गेले, अंगाला छान फेस आला, म्हणजे ‘पाणी शुद्ध झालं’ असं घरच्यांना वाटू लागलं, तर तो समज महागात पडू शकतो. म्हणून रिपोर्टमध्ये फ्लोराइड जास्त निघालं, तर सॉफ्टनरचे पैसे बाजूला ठेवा आणि पिण्याच्या पाण्याचं आधी बघा. आरओ किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर फ्लोराइड कमी करतो. त्याहून साधा उपाय म्हणजे तपासलेला दुसरा सुरक्षित स्रोत पिण्यासाठी वापरणं.

पण केस गळतात ना!

हॉस्टेलवर सगळ्यात जास्त चर्चा याचीच. ‘इथं आल्यापासून केस गळायला लागले, पाणीच खराब आहे.’ अभ्यास काय सांगतात ते बघू.

२०१३ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’त एक अभ्यास छापून आला. जड पाण्यात आणि डिस्टिल्ड पाण्यात ठेवलेल्या केसांची ताकद आणि लवचिकता संशोधकांनी मोजली. लक्षणीय फरक सापडला नाही. २०१८ मध्ये पाकिस्तानात पुरुषांच्या केसांवर झालेल्या अभ्यासात मात्र जड पाण्याने केसांची ताकद कमी झालेली दिसली. म्हणजे मामला अजून पक्का झालेला नाही. शिवाय दोन्ही अभ्यास केस तुटण्याबद्दल आहेत. मुळापासून गळण्याची कारणं वेगळी असतात. जागरण, मेसचं जेवण, रक्त कमी असणं, थायरॉइड, टेन्शन, घरातली आनुवंशिकता. केस राठ आणि निस्तेज होतात त्याला साबणाचा साका कारण असू शकतो. पण टक्कल पडण्याचं खापर एकट्या बोअरवर फोडू नका. गळती जास्त असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

त्वचेचंही ऐका. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. काही मुलांच्या घरी सॉफ्टनर बसवले, काहींच्या नाही. सॉफ्टनरमुळे एक्झिमा बरा व्हायला वेगळी मदत झाल्याचं दिसलं नाही.

आणि मुतखडा? ‘जड पाणी प्याल तर खडा होईल’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण पाण्याच्या कठीणतेचा आणि खड्याचा थेट संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. पाणी कमी पिणं हे त्यापेक्षा मोठं कारण. मे महिन्यात उन्हातान्हात फिरून दिवसाला चार ग्लास पाणी पिणाऱ्यांनी सॉफ्टनरच्या आधी बाटली घ्यावी!

मग सॉफ्टनरचा फायदा नाही का? आहे. गिझर, वॉशिंग मशीन, नळ, पाइप यांचं आयुष्य वाढतं. साबण, पावडर कमी लागते. कपडे मऊ राहतात. आंघोळ झाल्यावर बरं वाटतं. ही कारणं पुरेशी आहेत. फक्त औषध म्हणून तो घेऊ नका.

डब्यात नेमकं असतं काय?

सॉफ्टनरच्या टाकीत बारीक मण्यांसारखं रेझिन असतं. या मण्यांवर सोडियम बसलेला असतो. जड पाणी त्यातून जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियम मण्यांना चिकटतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरतो. एसटीत दोन माणसं उतरली, दोन चढली, तसं. काही दिवसांनी सगळ्या जागा भरतात. मग मिठाचं घट्ट पाणी सोडायचं. सोडियम पुन्हा बसतो आणि कॅल्शियम गटारीत जातो. याला रीजनरेशन म्हणतात. अशी कृत्रिम रेझिन १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स या दोघांनी बनवून दाखवली आणि पुढे तीच जगभर गेली.

आता वही काढा, गणित करू. समजा घरात पाच माणसं, रोज एकूण ५०० लिटर पाणी, कठीणता लिटरला ५०० मिलिग्रॅम. म्हणजे रोज २५० ग्रॅम क्षार काढायचा. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम क्षार धरतं असं मानलं, तर १० लिटर रेझिनचा सॉफ्टनर दोन दिवसांत भरला. दर खेपेला सुमारे दीड किलो मीठ आणि धुवायला ८०-१०० लिटर पाणी. महिन्याचा हिशोब लावा. वीस-बावीस किलो मीठ आणि हजार-दीड हजार लिटर पाणी गटारीत. एप्रिल-मे महिन्यात जिथं टँकरची वाट बघतात, तिथं हे परवडेल का, हा प्रश्न घरात विचारायलाच हवा.

आता तेच गणित फक्त गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनपुरतं करा. रोज १५० लिटर धरलं तर दिवसाला ७५ ग्रॅम क्षार. तोच सॉफ्टनर जवळजवळ आठवडाभर चालतो. मीठ महिन्याला सहा-सात किलो. त्रास जिथं सगळ्यात जास्त होतो तिथंच मऊ पाणी द्यायचं. आपल्याकडच्या घरांसाठी हा मार्ग जास्त शहाणपणाचा.

बसवायचाच ठरलं, तर

पहिली अडचण प्रेशरची. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. आपली टाकी स्लॅबवर, नळापासून चार-पाच मीटर उंच. म्हणजे अर्धा बारही जेमतेम. बरेच ऑटोमॅटिक सॉफ्टनर यापेक्षा जास्त दाब मागतात. मग वेगळा प्रेशर पंप लागतो, तो दुकानदाराच्या कोटेशनमध्ये नसतो. ‘किमान किती बार लागतो?’ हे आधी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. लाइट जाते तेव्हा टायमरचं काय होतं, हेही विचारा. हाताने व्हॉल्व्ह फिरवायचा मॅन्युअल सॉफ्टनर स्वस्त पडतो आणि लाइटवर अवलंबून नसतो. मात्र मीठ टाकायचं काम नेमाने कोण करणार, ते घरात आधीच ठरवा. (तुम्हीच करणार, हे मनाशी धरून चला.)

दुसरी गोष्ट, स्वयंपाकघराच्या नळाला साधी लाइन ठेवा. ५०० कठीणतेचं पाणी पूर्ण मऊ केलं तर लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतो. दिवसाला तीन लिटर प्यायलं तर जवळपास ७०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात एकूण २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्या म्हणते. घरात आजी-आजोबांना बीपी किंवा किडनीचा त्रास असेल, तर हा आकडा लहान नाही. घरात आरओ असेल तर त्यातून यातला बराचसा सोडियम निघून जातो.

तिसरी गोष्ट, मिठाचं सांडपाणी. ते तुळशीला, परसातल्या भाजीला किंवा शेताच्या धुऱ्याकडे सोडू नका. सोडियम काळ्या मातीचा पोत बिघडवतो. माती चोपण होते, पाणी मुरत नाही. बोअरशेजारच्या शोषखड्ड्यातही नको. फिरून ते आपल्याच पाण्यात यायचं. पाणी पिवळसर-लाल येत असेल तर लोह आहे, त्याने रेझिन लवकर खराब होतं. त्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो. आणि प्लंबरकडून बायपास व्हॉल्व्ह बसवून घ्याच, म्हणजे सॉफ्टनर बिघडला तरी आंघोळ अडत नाही.

डेमोला भुलू नका

घरी येऊन डेमो देणाऱ्यांचे दोन प्रयोग ठरलेले. एकात तुमच्या पाण्यात दोन सळ्या घालून वीज सोडतात. पाणी बघता बघता तपकिरी होतं. आई घाबरते. हा रंग मुख्यतः लोखंडी सळी झिजल्याचा असतो. क्षार असलेल्या कुठल्याही पाण्यात, म्हणजे पिण्यालायक पाण्यातही, हे होतं. क्षारच नसलेल्या आरओच्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं.

दुसरा प्रयोग टीडीएस मीटरचा. तो कठीणता मोजत नाही, फ्लोराइडही सांगत नाही. सॉफ्टनर क्षारांची अदलाबदल करतो, कमी करत नाही. त्यामुळे सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर टीडीएस जवळपास तेवढाच दिसतो. ‘आमचा सॉफ्टनर टीडीएस कमी करतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याला रसायनशास्त्र कच्चं आहे किंवा विक्री पक्की! कठीणता मोजायला वेगळं टेस्ट किट मिळतं, तेच मागा. पाइपला लोहचुंबक किंवा वायर गुंडाळून पाणी ‘कंडिशन’ करणारी यंत्रंही विकली जातात. ती पाण्यातला कॅल्शियम बाहेर काढत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

नाही घ्यायचा? तरी चालतं

खोली भाड्याची असेल, मालक पाइपला हात लावू देत नसेल, किंवा पैसेच नसतील, तरी बरंच करता येतं.

कपड्यांच्या पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा टाका. कॅल्शियम खाली बसतो, पावडर कमी लागते. सुती कपड्यांना हे चालतं, रेशमी-लोकरी कपड्यांना नको. शॉवर आणि नळाची जाळी किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्वाच्या, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडच्या, कोमट पाण्यात रात्रभर बुडवा. सकाळी भोकं मोकळी. मात्र कुठलंही अ‍ॅसिड ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. गिझर ५०-५५ अंशांवर ठेवा, क्षार कमी बसतो आणि वीजही वाचते. डाळ भिजवून ठेवा, शिजताना चिमूटभर खायचा सोडा घाला. केस धुतल्यावर शेवटचा एक तांब्या आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याचा घ्या.

पावसाचं पाणी तर वरून येणारं फुकटचं सॉफ्ट वॉटर. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी जवळपास ५०० लिटर पाणी होतं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, पुढचं गाळून टाकीत घ्या, निदान पावसाळाभर गिझर आणि धुण्याला ते वापरा.

पैसे देण्याआधी विचारायचे ७ प्रश्न

१. माझ्या पाण्याची कठीणता, फ्लोराइड, नायट्रेट आणि लोह किती? (रिपोर्ट आपला, विक्रेत्याचा नाही.)

२. या सॉफ्टनरमध्ये रेझिन किती लिटर?

३. माझ्या पाण्यावर किती लिटरनंतर रीजनरेशन लागेल?

४. दर खेपेला मीठ किती आणि पाणी किती?

५. किमान दाब किती लागतो? पंप वेगळा घ्यावा लागेल का?

६. रेझिन बदलायचा खर्च किती? सर्व्हिसवाला उमरखेडला येतो की आपणच नांदेड-यवतमाळच्या चकरा मारायच्या?

७. बसवल्यावर माझ्यासमोर कठीणतेची टेस्ट करून दाखवणार का?

सातही उत्तरं बिलावर किंवा कोटेशनवर लिहून मिळाली तर पुढं जा. ‘अहो, काही काळजी करू नका’ एवढंच उत्तर मिळालं, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

या आठवड्यात एवढंच करा. आधी प्रयोगशाळेत विचारा, बाटली कशी आणि किती मोठी हवी. मग बोअर दहा मिनिटं चालवून नमुना भरा आणि नेऊन द्या. बरोबर शेजारच्या घरचीही एक बाटली न्या. कारण फेस आला नाही तर साबण बदलता येतो, दात आणि हाडं नाही बदलता येत.